टाक्यांचा ठणका की आतली कळ?

पेसमेकर बसवून घरी आलेल्या माणसाला पहिले काही दिवस एकच प्रश्न छळतो. छातीत डावीकडे दुखतंय, थोडं खांद्यातही जातंय. हे टाक्यांचं की हृदयाचं? शंका रास्त आहे. यंत्र बहुधा डाव्या कॉलरबोनच्या खाली बसवतात, आणि हृदयाचं दुखणं छातीत डावीकडे उठून हातात उतरतं, हे तर आपण आयुष्यभर ऐकत आलेलो असतो.

१९५८ साली स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना शरीराच्या आत राहणारा जगातला पहिला पेसमेकर बसवला, तेव्हा छाती उघडावी लागली होती. आता नेहमीच्या पेसमेकरसाठी तेवढी जागा बधिर करून कातडीखाली छोटा कप्पा करतात, त्यात यंत्र ठेवतात आणि तिथल्या शिरेतून वायर हृदयापर्यंत सरकवतात. म्हणजे चीर एकीकडे आणि हृदय दुसरीकडे. दोघांना जोडणारी फक्त वायर. दुखण्याच्या जागाही म्हणूनच दोन, आणि त्यांचे स्वभाव वेगळे.

कप्प्याचं दुखणं वरवरचं असतं. ठणकतं, ओढ लागते, काळंनिळं पडतं. त्या कुशीवर वळलं, शर्ट चढवताना हात उचलला, गाडीचा पट्टा घासला की कळ येते. हात स्थिर ठेवला की बसते. "कुठे दुखतंय?" असं विचारलं तर माणूस बोटाने जागा दाखवतो. पहिले दोन-चार दिवस हे जास्त असतं, मग रोज थोडं कमी होत जातं आणि एक-दोन आठवड्यांत बरंचसं निवळतं. खांदा दुखण्याचं आणखी एक कारण आपण स्वतःच तयार करतो. हात खांद्याच्या वर नेऊ नका, असं काही आठवड्यांसाठी सांगितलेलं असतं. घाबरून माणूस तो हलवतच नाही, आणि सांधा आखडतो. खांद्याच्या खालच्या हालचाली डॉक्टरांना विचारून चालू ठेवलेल्या बऱ्या.

आतलं दुखणं या कशालाच दाद देत नाही. हात हलवा, न हलवा, फरक नाही. त्याला हलवतात तीन गोष्टी: श्वास, शरीराची स्थिती आणि श्रम.

खोल श्वास घेताना सुरी टोचल्यासारखं होतं, आडवं झालं की वाढतं, उठून पुढे वाकून बसलं की हलकं वाटतं, असं असेल तर हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आल्याची शंका घेतात. वायरचं टोक बऱ्याचदा बारीक स्क्रूने हृदयाच्या आतल्या भिंतीत रुतवलेलं असतं. भिंत पातळ असते, आणि टोक क्वचित तिच्या पार जातं. असं झालं की छातीतल्या कळेबरोबर विचित्र खुणा दिसू शकतात: न थांबणारी उचकी, पोटाच्या वरच्या भागात ठोक्याच्या तालावर उडणारे झटके, किंवा ज्या भोवळीसाठी पेसमेकर बसवला तीच परत येणं. उचकीला घरात कोणी गांभीर्याने घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. आवरणात रक्त साचलं तर धाप, घाम, गळून जाणं, रक्तदाब पडणं असं झपाट्याने होतं. एका बाजूला एकदम कळ आणि श्वास अपुरा, हे फुप्फुसाला छिद्र पडून बाहेर हवा साचल्याचंही लक्षण असू शकतं. ते बहुधा पहिल्या दोन दिवसांत कळतं. बसवल्यानंतर छातीचा एक्स-रे काढतात त्यात तेही पाहतात.

राहिले श्रम. चालताना, जिना चढताना छातीवर दडपण येतं, जबड्याकडे किंवा हाताकडे सरकतं, थांबलं की उतरतं, तर विचार रक्तवाहिन्यांचा करायचा. "आता पेसमेकर आहे, हार्ट अटॅक कसा येईल?" हा गैरसमज मला सगळ्यात घातक वाटतो. पेसमेकर ठोक्यांची गती सांभाळतो; अडलेल्या रक्तवाहिनीशी त्याचा काही संबंध नाही. शिवाय यंत्राच्या ठोक्यांवर चालणाऱ्या हृदयाचा ईसीजी मुळातच वेगळा दिसतो, त्यामुळे त्यात अटॅक ओळखणं अवघड जातं आणि रक्ताची तपासणी लागते. म्हणून तपासणाऱ्याला पेसमेकरचं कार्ड आधी दाखवायचं.

दाबून पाहण्याची युक्ती मात्र अर्धीच खरी. पहिल्या आठवड्यात जखम दाबल्यावर सगळ्यांचीच दुखते. त्यावरून आत काही नाही असं ठरत नाही. दोन्ही दुखणी एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. दुखणं किती आहे यावरही जाऊ नये. टाके कधी कधी जीव नकोसा करतात आणि आतली कळ सौम्य असते. श्वासाने वाढणारी कळ, धाप, भोवळ, हटवादी उचकी, किंवा विश्रांतीतही न हटणारं दडपण असेल तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा, आणि गाडी स्वतः चालवायची नाही. तिथे सोनोग्राफीसारखी इको तपासणी करून हृदयाभोवती पाणी-रक्त आहे का ते बघतात आणि यंत्र तपासून वायर जागेवर आहे का याचा अंदाज घेतात.

कप्प्याचं दुखणंही नेहमी निरुपद्रवी नसतं. उतरत आलेला ठणका परत चढला, जागा लाल आणि गरम झाली, पाणी येऊ लागलं किंवा ताप भरला, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना तिथे रक्त साचून टणक फुगवटाही येतो. अशा वेळी मनाने कुठलीही वेदनाशामक गोळी घेऊ नये. काहींनी रक्तस्राव वाढतो. आणि फुगवटा सुई घालून रिकामा करायला कोणी निघालं तर थांबवा. त्या सुईवाटे जंतू यंत्रापर्यंत पोचू शकतात, आणि यंत्राला संसर्ग झाला की बहुतेक वेळा ते वायरींसकट काढावं लागतं.