पार्श्वभूमी : डोळे शाबूत, तरी अर्धं दिसत नाही

कोकणात म्हाताऱ्या माणसाला दिसेनासं झालं की पहिला संशय मोतीबिंदूवर जातो. पण पक्षाघातातून उठलेला एखादा पाखाडी उतरताना सारखा डावीकडच्या गडग्याला धडकतो, तेव्हा चष्म्याचा नंबर बदलून काही होत नाही. डोळे चांगले असतात, मेंदूच्या उजव्या भागातली वाट तुटलेली असते. तेव्हा दोन्ही डोळ्यांतून डावीकडचं दिसणं जातं.

असं का, याचा अंदाज न्यूटनने १७०४ च्या ‘ऑप्टिक्स’मध्ये प्रश्नाच्या रूपात मांडला होता : दोन्ही डोळ्यांच्या उजव्या बाजूंचे मज्जातंतू मेंदूत शिरण्याआधी एकत्र येत असावेत. ते खरं ठरलं. प्रत्येक डोळ्याचे नाकाकडचे तंतू वाटेत बाजू बदलतात, कानाकडचे आपल्याच बाजूला राहतात. डावीकडचं दृश्य दोन्ही डोळ्यांत आतल्या पडद्याच्या उजव्या अर्ध्यावर पडतं, म्हणून ते सगळं उजव्या मेंदूत जातं.

ते पोहोचतं कुठे? इटलीच्या पानिझा या शरीररचनातज्ज्ञाने १८५५ मध्ये मेंदूच्या मागच्या भागाकडे बोट दाखवलं. फारसं कुणी ऐकलं नाही. नेमका नकाशा मिळाला तो रणांगणावरच्या जखमांतून. रशिया-जपान युद्धात (१९०४-०५) डोक्यातून गोळी आरपार गेलेले सैनिक तपासण्याचं काम तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रवैद्याकडे आलं. काम होतं पेन्शन ठरवण्यासाठी दृष्टीची हानी मोजण्याचं. त्याने गोळी शिरल्या-निघाल्याच्या जागांवरून तिचा मार्ग काढला आणि नेमकी कुठली दृष्टी गेली ते त्याच्याशी ताडून पाहिलं. १९०९ मध्ये त्याने दाखवलं, की नजरेच्या मधल्या छोट्याशा भागाला मेंदूत फार मोठी जागा मिळते. सरकारी मोजणीच्या कामातून एवढं काढणारी चिकाटी मला थक्क करते. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूवैद्याने हा नकाशा आणखी बारीक केला.

मधला टप्पा मात्र बराच काळ दुर्लक्षित राहिला. डोळ्याचे बहुतेक तंतू थॅलॅमसमधल्या (मेंदूच्या आत खोल असलेल्या भागातल्या) लॅटरल जेनिक्युलेट न्यूक्लियस नावाच्या पेशींच्या गाठीत थांबतात. माणसात त्याचे सहा थर असतात. तीन एका डोळ्याचे, तीन दुसऱ्याचे. इथून पुढे गेलेल्या संदेशांचं मेंदूच्या बाह्यस्तरात काय होतं, हे ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी १९५९ पासून दाखवलं. त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं.

या टप्प्याला नुसता एसटी थांबा समजणं चूक आहे. तिथे येणाऱ्या जोडण्यांपैकी डोळ्याकडून येणाऱ्या जेमतेम दहा टक्के. उरलेल्यांतल्या पुष्कळशा खुद्द बाह्यस्तराकडून उलट येतात, आणि जागेपणी किती पुढे जाऊ द्यायचं, झोपेत किती रोखायचं, हे त्यांच्या आणि मेंदूच्या बुंध्याकडून येणाऱ्या संदेशांवर ठरतं.