इंद्रजाल आणि अमर चित्र कथा: घोळ एकदाचा मिटवूया

जुन्या कॉमिक्सचा विषय निघाला की कुणीतरी ठामपणे सांगतंच, 'इंद्रजाल काय, अमर चित्र कथा काय, दोन्ही अनंत पैंचीच.' चूक आहे हे.

अमर चित्र कथा तुमच्या घरात असेलच, म्हणून थोडक्यात: 1967, मुंबईचं इंडिया बुक हाउस, संपादक पै, आणि राम वाईरकरांच्या चित्रांचा 'कृष्ण'. इंद्रजाल त्याआधीचं, 1964 सालचं, बोरीबंदरच्या टाइम्स ऑफ इंडियाचं. पै तेव्हा टाइम्समध्ये होते, इंद्रजालच्या कामातही होते. गोंधळाचं मूळ तिथेच. अमर चित्र कथेत पुराण-इतिहास आणि इंद्रजालमध्ये वेताळ (म्हणजे फँटम) नि जादूगार मँड्रेक, हा फरक शाळकरी पोरही सांगेल.

लोक अडखळतात ते पुढे. इंद्रजालमधला वेताळ मुळात पुस्तकासाठी काढलेलाच नव्हता. ली फॉकने 1936 मध्ये तो अमेरिकेतल्या दैनिकांसाठी सुरू केला. रोज तीन-चार चौकटींची आडवी पट्टी. वाचक उद्या परत यावा म्हणून शेवटच्या चौकटीत पेच, आणि कालचा अंक हुकलेल्यांसाठी दुसऱ्या दिवशी मागच्या गोष्टीची उजळणी. टाइम्सने या पट्ट्या घेऊन उभ्या पानावर पुन्हा मांडल्या. त्यासाठी चौकटी कापल्या, कुठे वाढवल्या, मजकूर बदलला. वेताळाचा काल्पनिक देश बंगाला इथे डेंकाली झाला तो याच संपादनात. गोष्ट मधूनच थबकते, पात्रं ठाऊक असलेलंच पुन्हा बोलतात, ते त्या रोजच्या हप्त्यांमुळे. त्याला 'लेखन ढिसाळ' म्हणणारे समीक्षक वाचले की माझा संताप होतो. फॉकचं लेखन दैनिकाच्या मापाने अगदी चोख होतं.

अमर चित्र कथेत मात्र आधी संहिता, मग चित्रं, आणि तीही त्याच अंकासाठी. कुठल्या प्रसंगाला मोठी चौकट द्यायची, पान उलटताना काय दिसावं, हे वाईरकर किंवा प्रताप मुळीक यांच्यासारख्या चित्रकारांना पानाच्या हिशेबाने ठरवता येत होतं. पानाची रचना शिकायची असेल तर मी विद्यार्थ्यांच्या हाती हेच अंक देते. वेताळासाठी मूळ पट्ट्याच पाहाव्यात, चित्रकार साय बॅरीच्या काळातल्या तर नक्कीच.

इंद्रजालमध्येही एक ठळक अपवाद आहे: बहादूर हा भारतीय नायक. 1976 मध्ये आबिद सुरतींनी तो इंद्रजालसाठीच लिहिला आणि गोविंद ब्राह्मणियांनी चित्रं काढली. 'इंद्रजाल म्हणजे सगळा परदेशी माल' म्हणणारे नेमके त्यालाच विसरतात.