परीक्षाचिंता

आपले मूल्यमापन होणार या भीतीने परीक्षेच्या आधी व परीक्षेदरम्यान विद्यार्थ्याच्या मनात, शरीरात आणि वागण्यात होणारे बदल. बोलण्यात याला सरसकट ‘टेन्शन’ म्हणतात. मात्र महिनोन्‌महिने साचत गेलेला अभ्यासाचा ताण आणि पेपर हातात पडताच उसळणारी चिंता यांत फरक आहे व दोन्हींवरील उपायही निराळे आहेत.

‘थोडे टेन्शन हवेच’ या समजुतीला मानसशास्त्रज्ञ यर्क्स व डॉडसन यांच्या १९०८ मधील प्रयोगाचा आधार दिला जातो. तो प्रयोग उंदरांवर झाला होता. काळी व पांढरी पेटी ओळखायला शिकवताना चूक झाली की विजेचा झटका दिला जाई. ओळख सोपी असताना तीव्र झटक्याने शिकणे लवकर होई. अवघड असताना मध्यम झटका सरस ठरे. उद्दीपन व कामगिरी यांची उलट्या ‘यू’ची आकृती (उद्दीपन मध्यम असताना कामगिरी सर्वांत चांगली) बहुधा बरीच नंतर, हेब यांच्या १९५५ मधील मांडणीच्या सुमारास, रूढ झाली असावी. त्यामुळे मुलांवर दडपण आणण्याचे समर्थन म्हणून हा प्रयोग पुढे करणे गैर आहे.

परीक्षाचिंतेच्या मापनाची सुरुवात सामान्यतः मँडलर व सॅरसन यांच्यापासून (१९५२) मानतात. लीबर्ट व मॉरिस यांनी १९६७ मध्ये तिचे दोन घटक वेगळे केले : काळजी (‘नापास झालो तर?’) आणि शारीरिक खळबळ (धडधड, ओले तळवे, पोटात गोळा). गुण घटण्याशी पहिल्याचा संबंध अधिक दिसतो. तयारी कच्ची म्हणून चिंता, असे काही अभ्यासक मानतात. काळजीच कार्यकारी स्मृतीतील (विचार करताना माहिती तात्पुरती धरून ठेवणाऱ्या स्मृतीतील) जागा अडवते, असे इतर म्हणतात. विद्यार्थी दोन्ही प्रकारचे आढळतात, तरी एकच प्रश्न तीनदा वाचूनही काही न सुचणाऱ्या आणि जिना उतरताना सारे उत्तर आठवणाऱ्या विद्यार्थ्याचा उलगडा दुसऱ्या मताने अधिक होतो.

मुंबईत सत्रपद्धतीमुळे ‘केटी’चा भार वेगळा पडतो. राहिलेला विषय घेऊन पुढच्या सत्रात जाता येते, पण जुन्या व नव्या विषयांचे पेपर जवळजवळ येतात. कर्जत-विरारहून येणाऱ्यांचे रोजचे तीन-चार तास लोकलमध्ये जातात. ते भरून काढायला झोप कापली जाते आणि नेमके पाठांतर पक्के करणारे तासच हातचे जातात.

उपायांत नोट्स पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा वही मिटून आठवून लिहिणे व घड्याळ लावून जुने पेपर सोडवणे अधिक उपयोगी. परीक्षेआधी दहा मिनिटे मनातील भीती कागदावर उतरवल्याने चिंताग्रस्त विद्यार्थ्यांचे गुण सुधारल्याचे रामिरेझ व बायलॉक यांनी २०११ मध्ये दाखवले. वर्गात डोके ‘ब्लँक’ झाल्यास पेन खाली ठेवून चार मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सोडावा. पाच-सहा आवर्तनांनंतर सर्वांत सोपा प्रश्न आधी लिहावा. धडधड थांबवणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी मित्राकडून घेऊ नये. दमा असल्यास तिने श्वासनलिका आवळली जाते.

उदासी, निरुत्साह, झोप वा भूक बिघडणे दोन आठवडे टिकले तर ती केवळ परीक्षाचिंता समजू नये. केईएम, नायर या पालिका रुग्णालयांत केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवता येते. मरणाचे विचार येत असल्यास वाट न पाहता त्याच दिवशी मदत घ्यावी आणि विद्यार्थ्याला एकटे सोडू नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. पोलिस केसच्या धास्तीने घरचे आत्महत्येचा प्रयत्न लपवतात. परंतु मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ नुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले जाते व, अन्यथा सिद्ध न झाल्यास, तिला शिक्षा होत नाही.