एकशे साठ एकरांचा हिशेब: नेब्रास्काच्या माळरानावरील शेतकऱ्याची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या १८६२च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळे, पण पाच वर्षे तिथे राहून ती कसली तरच मालकी. नेब्रास्का राज्याच्या माळरानावर अशी जमीन धरलेला शेतकरी ही पाच वर्षे पुरी होण्याआधीच मेला तर पुढे काय, हेही त्या कायद्यात आधीच लिहून ठेवले होते. विधवेने उरलेली मुदत तिथे राहून, शेत कसून काढावी आणि मालकी स्वतःच्या नावावर करून घ्यावी. ती नसेल तर वारसांनी. आई-बाप दोघेही गेले आणि मागे अज्ञान मुले उरली तर हक्क मुलांचा. त्यांच्या पालकाला दोन वर्षांच्या आत ती जमीन मुलांसाठी विकता येई. आपल्याकडे सातबाऱ्यावर वारसनोंद होते ती हातात असलेल्या जमिनीची. इथे माणसाचे नाव मालक म्हणून लागण्याआधीच त्याच्या मरणाची तजवीज केलेली होती, आणि ती उगाच नव्हती.

मरण अनेक वाटांनी येई. हाताने खणलेली विहीर ढासळे, नाहीतर तळाशी साचलेल्या वायूने माणूस गुदमरे. घटसर्प आणि विषमज्वर घरेच्या घरे रिकामी करत. बाळंतपणात बाया जात, कारण डॉक्टर कित्येक मैल लांब. १२ जानेवारी १८८८ला सकाळी हवा उबदार होती म्हणून माणसे गुरांकडे आणि मुले शाळेत गेली. त्यानंतर आलेल्या हिमवादळात नेब्रास्का आणि डाकोटा भागात सुमारे २३५ जीव गेले, असा अंदाज नेहमी दिला जातो. १८८६पासून एका छायाचित्रकाराने कस्टर कौंटीतल्या कुटुंबांची छायाचित्रे काढली. त्यातल्या एकात घरची माणसे लहानग्याच्या थडग्याशेजारी उभी आहेत.

जगणेही मातीचेच होते. लाकूड नाही, म्हणून मुळांनी घट्ट विणलेली गवताळ माती नांगराने पट्ट्यांत उकलायची, तिच्या विटा कापायच्या आणि भिंती रचायच्या. अशा घराला जवळपास अर्धा एकर माती लागे. जळणाला आधी रानगव्यांच्या रानशेण्या, त्या संपल्यावर गाईगुरांच्या गोवऱ्या, पिळलेले गवत, आणि १८९०च्या सुमारास मक्याला कोळशाइतकाही भाव उरला नाही तेव्हा मक्याची कणसे. १८७४च्या उन्हाळ्यात टोळांनी उभे पीक संपवले आणि मातीत अंडी घातली, त्यामुळे पुढच्या वर्षीचेही निश्चित राहिले नाही.

पण या शेतकऱ्याला सर्वांत जास्त कोणी मारले असेल, तर १६० या आकड्याने, असे मला वाटते. चौरस मैलाचा चौथा हिस्सा, म्हणजे सुमारे ६५ हेक्टर. पूर्वेकडच्या ओल्या प्रांतात एवढ्यात कुटुंब सुखाने भागे. मात्र शंभराव्या रेखावृत्ताच्या पलीकडे (ते नेब्रास्कातल्या कोझाड गावातून जाते) वर्षाला जेमतेम २० इंच पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. हे कळले नव्हते असे नाही. यादवी युद्धात उजवा हात गमावलेल्या एका भूगर्भशास्त्रज्ञाने १८७८मध्ये सरकारला अहवालच दिला होता: कोरड्या प्रदेशात चराईसाठी कुटुंबामागे २,५६० एकर द्या, पाटाखाली येईल तिथे ८० एकर पुरेत, जमिनीच्या हद्दी पाणी पाहून आखा आणि घरे जवळजवळ बसवा.

त्यावर बेतलेली विधेयके काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, मंजूर झाली नाहीत. जमीन विकणाऱ्या रेल्वे कंपन्या आणि वसाहतीचे प्रचारक सांगत होते की नांगरटीमागोमाग पाऊस येतो. १८७०च्या दशकाच्या अखेरीपासून काही वर्षे खरोखरच चांगली बरसली, तेवढा पुरावा लोकांना पुरला. १८८८मध्ये सिंचनाची पाहणी त्याच शास्त्रज्ञाकडे सोपवली गेली. त्या काळात नव्या जमिनी देणे थांबले, तेव्हा पश्चिमेकडचे सिनेटर भडकले आणि १८९०मध्ये पाहणीचा पैसाच बंद केला गेला. त्याच वर्षी आणि पुन्हा १८९४मध्ये दुष्काळ पडला. गहाणाची व्याजे चढली, गाड्या पूर्वेकडे परत निघाल्या. या निर्णयाला निव्वळ अज्ञान म्हणणे मला पटत नाही. विकणाऱ्यांचे ऐकले गेले आणि मोजणाऱ्याचे बाजूला ठेवले गेले.

ही जमीन आधी कोणाची होती, हेही सांगायला हवे. १८७०च्या दशकात पॉनी या आदिवासी जमातीला नेब्रास्कातून आजच्या ओक्लाहोमात जावे लागले, १८७७मध्ये पोंका जमातीलाही सक्तीने नेले गेले. १८८७च्या कायद्याने आदिवासींच्या सामाईक जमिनींचे तुकडे पाडले, तेव्हाही कुटुंबप्रमुखाला आकडा तोच दिला: १६० एकर.

चूक दुरुस्त होत गेली, पण उशिरा. १९०४मध्ये नेब्रास्काच्या पश्चिम भागासाठी ६४० एकर, १९०९मध्ये इतर कोरड्या राज्यांत ३२०, १९१२मध्ये पाचाऐवजी तीन वर्षे. तोवर नांगर अधिक कोरड्या जमिनीत शिरला होता, आणि १९३०च्या दशकात ती माती उडाली. एकूण सुमारे ४० लाख दाव्यांपैकी १६ लाखांना मालकी मिळाली, म्हणून बहुतेक शेतकरी हरले असे पूर्वीचे इतिहासकार लिहीत. अलीकडचे संशोधक यावर हरकत घेतात: एकरी सव्वा डॉलर भरून मुदतीआधी मालकी घेणारेही हरलेल्यांत धरले गेले, आणि नेब्रास्कातील नोंदी तपासल्या तर फसवणूकही समजली जाते त्याहून बरीच कमी निघते. ही हरकत मला रास्त वाटते. ज्या बायांनी नवरा पुरून उरलेली वर्षे शेत कसले आणि दोन शेजाऱ्यांच्या साक्षीने पट्टा मिळवला, त्या हरलेल्यांच्या रकान्यात बसत नाहीत.

१९३०च्या दशकातच सरकारने माळरानांवरच्या अशा कित्येक जमिनी पैसे मोजून परत विकत घेतल्या आणि तिथे पुन्हा गवत पेरले. नेब्रास्काच्या वायव्य कोपऱ्यातला ओग्लाला राष्ट्रीय गवताळ प्रदेश त्यातूनच उभा राहिला. मूळ कायदा १९७६मध्ये रद्द झाला, अलास्कात मात्र तो आणखी दहा वर्षे चालू राहिला.