वीस किलोमीटर जास्त म्हणजे नेमकं किती जास्त?

समृद्धीवरून कोणी पहिल्यांदा जाऊन आलं की आमच्या घरात एक वाद ठरलेला. रस्ता दीडशेच्या स्पीडसाठी बांधलाय ना, मग १२० ची लिमिट कशाला? आमच्या मामाचं तर म्हणणं असं की लिमिटची पाटी फक्त चलान फाडायला लावलेली असते, आणि "१४० ला गाडी रस्त्याला कशी चिकटून चालते बघ" हे तो अशा थाटात सांगतो की जणू इंजिन त्यानंच बनवलंय. शेवटी एकदा मी कागद-पेन घेऊनच बसलो.

समजा दोन गाड्या शेजारशेजारच्या लेनमधून चालल्यात, एक १०० नं आणि एक १२० नं, आणि दोघांनाही एकाच क्षणी पुढं बंद पडलेला ट्रक दिसला. डोळ्यांना दिसणं, डोक्यात शिरणं, पाय ब्रेकवर जाणं यात दीड सेकंद धरू, तोही ड्रायव्हर पूर्ण जागा असेल आणि मोबाईल खिशात असेल तर. तेवढ्यात १०० वाली ४२ मीटर पुढं गेलेली असते, १२० वाली ५०. आता दोघांनीही कचकचून ब्रेक मारला, रस्ता कोरडा, टायर चांगले. १०० वाली आणखी साधारण ५६ मीटरमध्ये थांबते, म्हणजे एकूण ९८ मीटर. ट्रक बरोबर तेवढ्यावरच होता असं समजा, वाचला बिचारा. आता सांगा, १२० वाली त्याच जागी पोचते तेव्हा तिचा स्पीड किती उरलेला असेल?

बहुतेक जण वीस म्हणतात. मीही तेच म्हणालो असतो. उत्तर येतं ताशी ७६ किलोमीटर!

गोम अशी की गाडीतली ऊर्जा स्पीडच्या वर्गानं वाढते. १०० चा वर्ग १०,००० आणि १२० चा १४,४००, म्हणजे स्पीड वाढला २० टक्के पण ऊर्जा वाढली ४४ टक्के, आणि ब्रेक मात्र दर मीटरला ठरावीक ऊर्जाच खातो, त्याला तुमची घाई कळत नाही. त्यात १२० वालीनं ब्रेक लागायच्या आधीच ८ मीटर जास्त खाल्लेले. ७६ नं आदळणं म्हणजे सात मजली बिल्डिंगच्या गच्चीवरून गाडी खाली टाकल्यासारखं आहे, एअरबॅग असली तरी. आणि हे सगळं कोरड्या रस्त्यावर. पावसात टायरची पकड निम्मी झाली तर ब्रेक मारल्यानंतरचं अंतर सरळ दुप्पट होतं.

रात्रीचं तर विचारूच नका. हेडलाइट डिपरवर असेल तर उजेड पडतो साधारण ६० मीटर. तेवढ्यात थांबायचं असेल तर वरच्याच हिशोबानं स्पीड सत्तरच्या आसपास पाहिजे. आणि आपण रात्री रस्ता मोकळा मिळतो म्हणून उलट जास्तच पळवतो.

मग दीडशेचा रस्ता म्हणजे काय? तर इंजिनीअर लोक वळण किती मोठं ठेवायचं, रस्त्याला उतार किती द्यायचा, चढावर पुढचं किती लांबचं दिसलं पाहिजे हे एक स्पीड धरून ठरवतात, त्याला डिझाइन स्पीड म्हणतात. म्हणजे दीडशेला गाडी वळणावरून बाहेर फेकली जाणार नाही, इतकंच. पुढच्या ट्रकला टेललॅम्प आहे की नाही याची गॅरंटी रस्ता देत नाही. हे लोक हिशोबही सावध करतात, आपल्याकडच्या हायवेच्या नियमांत १०० च्या स्पीडला थांबायला १८० मीटर दिसले पाहिजेत असं धरतात, कारण ते ड्रायव्हरला दीड नाही, अडीच सेकंद देतात आणि रस्त्याची पकडही मी धरली त्याच्या निम्मीच धरतात.

मामाला कागद दाखवला. तो म्हणाला, "पण तो ट्रक फास्ट लेनमध्ये काय करत होता?"

प्रश्न बरोबर आहे राव. १९६४ मध्ये अमेरिकेत सॉलोमन नावाच्या संशोधकानं दाखवलं होतं की सरासरीपेक्षा फार जोरात जाणारेच नाही, फार हळू जाणारेही अपघातात जास्त सापडतात. पुढं त्यावर टीका झाली, कारण हळू गाड्यांत वळायला थांबलेल्या गाड्याही मोजल्या गेल्या होत्या. पण आपल्याकडे १२० ची कार आणि ६० चा ट्रक एका लेनमध्ये असतील तर मधले २०० मीटर १२ सेकंदांत संपतात. तुम्ही मागच्या सीटवरून पाण्याची बाटली घेईपर्यंत. त्यामुळं माझं मत असं की लेनची शिस्त लावल्याशिवाय नुसता पाटीवरचा आकडा वाढवणं म्हणजे हा फरक वाढवणं.

आकड्याचं भांडण वरपर्यंत चालूच आहे. २०१८ मध्ये केंद्रानं एक्स्प्रेसवेवर कारसाठी १२० ची परवानगी दिली, २०२१ मध्ये मद्रास हायकोर्टानं ती अधिसूचना रद्द केली, आणि त्याच वर्षी गडकरी म्हणाले की माझ्या मते १४० हवी. स्वीडनच्या निल्सन यांचा एक ठोकताळा जगभर वापरतात, रस्त्यावरचा सरासरी स्पीड १ टक्का वाढला की जीवघेणे अपघात साधारण ४ टक्के वाढतात. १०० चे १०५ झाले की वीस-एकवीस टक्के. १४० वाल्यांनी हा गुणाकार आधी करून बघावा.

वेळ किती वाचतो तेही बघू. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे ९४.५ किलोमीटर, घाट आणि ट्रॅफिक सोडून देऊ, १०० नं ५७ मिनिटं, १२० नं ४७. दहा मिनिटं, जी फूड मॉलला वडापावच्या लाइनीतच जातात. समृद्धीचं वेगळं आहे हे मान्य, ७०१ किलोमीटरला सव्वा तासाच्या जवळपास वाचतो, आणि तो मोह मलाही होतो. फक्त तेवढा वेळ सरळसोट रस्त्यावर डोळे उघडे ठेवून मेंदू अर्धा झोपतो, आणि टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या भिंती सतत दबून उन्हात आणखी तापत राहतात. टायर फुटला तर दीड सेकंदसुद्धा मिळत नाही.

कॅमेऱ्यांचं म्हणाल तर लोक कॅमेऱ्यापाशी ब्रेक मारतात आणि पुढं गेले की परत सुटतात. त्यापेक्षा दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी स्पीड मोजणं बरं, ४० किलोमीटर २४ मिनिटांच्या आत आलात की १०० ओलांडले. मामानं यावरही उपाय काढलाय, १२० नं २० मिनिटांत यायचं आणि शेवटच्या कॅमेऱ्याआधी चार मिनिटं थांबून चहा घ्यायचा. मी म्हटलं, मामा, मग पोचलास कितीला?