निपाणी आणि चिकोडीच्या पिनकोडचे अवयव

निपाणीचा पिनकोड ५९१२३७, चिकोडीचा ५९१२०१. कागलकडून महाराष्ट्राची हद्द ओलांडून कर्नाटकात शिरलं की पहिला अंक ४ चा ५ होतो, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. आता पत्ता विसरून या दोन संख्यांचे मूळ अवयव पाडून बघू. गावं शेजारची, पण संख्यांचे स्वभाव फार वेगळे.

आधी अंकांची बेरीज. निपाणीची २७, चिकोडीची १८, म्हणजे दोन्हींना ९ ने भाग जातो. १०, १००, १००० यांना ९ ने भागलं की दर वेळी १ च उरतो, त्यावर ही कसोटी उभी आहे. इथे एक चूक हमखास होते: बेरीज २७ आली, मग २७ नेही भाग जाणार असं धरलं जातं. १० ला २७ ने भागून १ उरत नाही, त्यामुळे ही कसोटी २७ ला लागूच होत नाही. करून पाहा, ५९१२३७ मध्ये बाकी १८ उरते.

७, ११ आणि १३ साठी एकच वजाबाकी पुरते, कारण ७ × ११ × १३ = १००१. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडायचे आणि वजा करायचे; उत्तराला यांपैकी ज्याने भाग जातो, त्याने पूर्ण संख्येलाही जातो. डावीकडून पाडले तर पाच किंवा सात अंकी संख्येत उत्तर चुकतं. चिकोडी: ५९१ − २०१ = ३९०, म्हणजे १३ × ३०. अवयव सापडला! पुढचं सोपं आहे:

५९१२०१ = ३ × ३ × १३ × ३१ × १६३

निपाणीचे मात्र ५९१ − २३७ = ३५४, आणि त्याला ७, ११, १३ यांपैकी कशानेच भाग जात नाही. ९ काढून घेतल्यावर उरतात ६५६९३. याचं वर्गमूळ २५६ च्या किंचित वर. संख्या फुटणार असेल तर तिचा एक तरी अवयव वर्गमुळाच्या आत असतोच, म्हणून २५१ पर्यंतच्या मूळ संख्या तपासाव्या लागतात. १७, १९, २३... शंभर ओलांडले तरी हाती काही लागत नाही. बरेच जण इथेच थांबतात आणि ६५६९३ ला मूळ संख्या ठरवून मोकळे होतात. चिकाटी धरली तर १७९ ला भाग जातो: १७९ × ३६७. ३६७ मूळ आहे, त्यासाठी १९ पर्यंत तपासलं की झालं.

५९१२३७ = ३ × ३ × १७९ × ३६७

आता यातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट. दोन्हींचा मसावि काढायला हे अवयव पाडावेच लागत नाहीत. दोन्हींना भागणारी संख्या त्यांच्या फरकालाही भागते. फरक ३६, दोन्ही संख्या विषम, दोन्हींना ९ ने भाग जातो. मसावि ९. युक्लिडची ही रीत शेकडो अंकी संख्यांनाही संगणकावर क्षणात चालते, अवयव पाडणं मात्र तिथे अशक्यप्राय होतं. इंटरनेटवरची माहिती गुप्त ठेवणारी आरएसए पद्धतीची कुलपं याच अडचणीवर टिकून आहेत: दोन प्रचंड मूळ संख्यांचा ६१७ अंकी गुणाकार उघड ठेवला तरी चालतो. पण दोन कुलपांत एक मूळ संख्या सामाईक निघाली, तर मसावि ती लगेच बाहेर काढतो आणि दोन्ही कुलपं उघडतात. २०१२ साली संशोधकांनी इंटरनेटवरच्या लाखो कुलपांचे असे मसावि काढले, तेव्हा हजारो कुलपं खरोखरच उघडली.