धावत्या घोड्याचं चित्र भिंतीवर लावण्याआधी

आमच्या सांगलीच्या दुकानात दर आठवड्याला कुणी ना कुणी ‘ते सात घोड्यांचं’ मागायला येतं. पांढरे घोडे, पायाखाली उसळतं पाणी, मागे उगवता सूर्य. आम्ही ते देतो, त्याबद्दल तक्रार नाही. कोणत्या भिंतीला लावायचं ते मात्र तुमच्या गुरुजींना विचारा, वास्तूतलं आम्हाला कळत नाही. पण घोडाच हवा असेल, तर शर्यतीच्या घोड्यांचे प्रिंटही एकदा बघा. त्यासाठीच हे पत्रक काढलंय.

चित्र हातात आलं की आधी पाय बघा. फ्रेंच चित्रकार जेरिको याचं १८२१ सालचं ‘एप्समची डर्बी’ (इंग्लंडातली घोड्यांची शर्यत) पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. आभाळ काळवंडलेलं, आणि चार घोडे पुढचे पाय पुढे, मागचे मागे ताणून जमिनीवर तरंगल्यासारखे निघालेत. दिसायला झकास, पण घोडा असा पळतच नाही. १८७८ साली कॅलिफोर्नियात मायब्रिज या फोटोग्राफरनं ट्रॅकच्या कडेला ओळीनं १२ कॅमेरे मांडले आणि आडवे धागे ताणले. धावती घोडी धाग्याला लागली की त्या कॅमेऱ्याचा फोटो निघायचा. फोटोंत दिसलं ते असं: चारी खूर एकदम हवेत असतात हे खरं, पण पाय ताणलेले असताना नाही, पोटाखाली गोळा झालेले असताना.

मग जेरिकोचं चित्र चुकीचं म्हणून सोडून द्यायचं का? आमचं मत विचाराल तर मुळीच नाही. माळावर बैलगाडीची शर्यत बघताना आपण कुठे पाय मोजत बसतो? धुरळा दिसतो, आरोळ्या कानावर येतात, आणि गाडी पुढून गेलेलीसुद्धा असते. जेरिकोनं तो वेग धरलाय. मायब्रिजचा फोटो खरा आहे, पण त्यातली घोडी जागच्या जागी थिजल्यासारखी वाटते.

दुसरी खूण जॉकीच्या बैठकीची. जुन्या चित्रांत रिकिबी लांब असतात आणि जॉकी पाय खाली सोडून बसलेले दिसतात. टॉड स्लोन हा अमेरिकन जॉकी १८९७ साली इंग्लंडात आला तो रिकिबी आखूड करून, घोड्याच्या मानेवर ओणवा होऊन. आधी लोक हसले. तो जिंकायला लागल्यावर तीच बैठक सगळ्यांनी उचलली. तेव्हा ‘दीडशे वर्षांपूर्वीचं चित्र’ म्हणून कुणी तुम्हाला ओणव्या जॉकीचा प्रिंट विकत असेल, तर दोन प्रश्न जास्त विचारा.

आमच्याकडे सगळ्यात कमी खपणारं आणि आम्हाला सगळ्यात आवडणारं चित्र म्हणजे फ्रेंच चित्रकार एदुआर माने याचं १८६६ सालचं ‘लॉंगशॉंची शर्यत’; लॉंगशॉं म्हणजे पॅरिसचं रेसकोर्स. तोवर शर्यत म्हटलं की घोडे डावीकडून उजवीकडे नाहीतर उजवीकडून डावीकडे. मानेनं बघणाऱ्यालाच ट्रॅकवर उभं केलं! घोडे सरळ अंगावर येतात, आणि नीट एकही दिसत नाही, नुसते ठिपके आणि धूळ. ‘पुसट छापलंय’ म्हणून एका गिऱ्हाइकानं ते परतही आणलं होतं. मूळ चित्र दीड फूट उंच आणि पावणेतीन फूट रुंद आहे, त्यामुळे सोफ्याच्या वर उत्तम बसतं. चौकोनी फ्रेमसाठी ते कापा म्हणू नका, कडेची गर्दी गेली की शर्यतच गेली.

जिन्याच्या उंच भिंतीला इंग्लिश चित्रकार स्टब्सचा ‘व्हिसलजॅकेट’ घ्या. हा खराखुरा शर्यतीचा घोडा, १७६२ च्या सुमारास रंगवलेला. स्टब्सनं मेलेल्या घोड्यांची चिरफाड करून हाडं आणि स्नायू समजून घेतले होते, ते इथे दिसतं. मागे झाड नाही, डोंगर नाही, नुसती रिकामी पार्श्वभूमी. लंडनमधलं मूळ चित्र जवळपास साडेनऊ फूट उंच आहे, पण तीन फुटांतही त्याचा रुबाब जात नाही. फ्रेंच चित्रकार देगाला मात्र शर्यतीपेक्षा तिच्या आधीची चुळबुळ आवडायची: उन्हात रेंगाळणारे घोडे आणि त्यांच्या लांब सावल्या. बेडरूमला तेच बरं.

आता छपाईचं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो घेऊन येऊ नका. १६ बाय २० इंचांच्या प्रिंटला इंचाला ३०० ठिपके धरले तर ४८०० बाय ६००० पिक्सेलची फाइल लागते, व्हॉट्सॲप ती चेपून टाकतं. मानेचं चित्र शिकागोच्या संग्रहालयाच्या संकेतस्थळावरून मोठ्या आकारात फुकट मिळतं, आम्ही तिथूनच घेतो. जेरिकोचं गडद आभाळ कॅनव्हासवर खुलतं, देगासाठी चकाकी नसलेला कॉटन पेपर घ्या. शाई पिगमेंटची वापरतो, साध्या डाय शाईपेक्षा ती उन्हाला जास्त टिकते. हिरवळीचा रंग मोबाइलवर नेहमी भडक दिसतो, म्हणून आधी एक पट्टी छापून दाखवतो. ती दिवसा, घरच्या उजेडात बघा.

पंढरपूरला जन्मलेल्या हुसेन यांचे घोडे बरेच जण मागतात. ते आम्ही छापून देत नाही. चित्रकाराच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो आणि हुसेन गेले २०११ साली.

फ्रेम करताना काच कागदाला टेकू देत नाही, मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, घालतोच. ऑगस्ट २०१९ मध्ये किंवा जुलै २०२१ मध्ये ज्यांच्या घरात कृष्णेचं पाणी शिरलं होतं, त्यांनी भिंतीला ओल आहे का ते हात लावून बघावं. असेल तर फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून देतो, मागून हवा खेळती राहते आणि बुरशी, कसर कमी लागते. भिजलेला प्रिंट काचेला चिकटला असेल तर ओढू नका, उन्हातही ठेवू नका. आहे तसा, आडवा धरून दुकानात घेऊन या.

येताना भिंतीची लांबी-उंची इंचांत लिहून आणा. ‘साधारण एवढी’ असं हात पसरून दाखवलेल्या मापाची एक मोठी फ्रेम अजून आमच्या माळ्यावर पडून आहे.